शेवटचा येईपर्यंत

रविवार, २१ नोव्हेंबर १९३७. बेळगाव

आज सायकल क्लबाच्या बैठकीत माझी सूचना मान्य झाली. हे एक वाक्य लिहायला मुद्दाम दौत भरून घेतली. गेल्या सहा वर्षांत या वहीत हवापाणी, माझे पडसे आणि सहावीच्या वर्गाने त्रैराशिकात लावलेले दिवे याखेरीज फारसे काही आलेले नाही.

क्लबात सायकल न येणारा सभासद मी एकटाच. लहानपणी एकदा पडलो, तेव्हापासून त्या यंत्राशी माझा संबंध घड्याळापुरता. दरवर्षी कॅम्पातल्या मैदानावर वीस फेऱ्यांची शर्यत होते आणि गणिताचा मास्तर म्हणून मी वेळ टिपतो. पाचव्या फेरीलाच पहिला कोण ते कळते. उरलेल्या पंधरा फेऱ्या लोक शेंगा खातात. शर्यत अशी मधेच का मरते, यावर मी दोन वर्षे डोके खाजवतो आहे. मग वाचनालयात वाचले की फ्रान्स देशात मुलखाला वळसा घालणारी शर्यत असते, रोज एक मजल, आणि शेवटी सगळ्या मजलांचा वेळ मिळवून ज्याचा सर्वांत कमी तो जिंकतो. म्हटले, आपल्याकडे का नको? चार दिवस, चार मजला. बेळगाव ते संकेश्वर, संकेश्वर ते निपाणी, निपाणीहून चिकोडीवरून हुक्केरी, आणि हुक्केरीहून परत बेळगाव.

क्लबाचे अध्यक्ष हरिभाऊ वकील म्हणाले, "मास्तर, लोक शर्यत बघायला येतात. बेरीज ऐकायला येत नाहीत." तरी ते मनाने मोकळे. त्यांनी अट घातली. शेवटच्या दिवशी शेवटचा गडी येईपर्यंत लोक थांबले, तर पुढच्या वर्षीही माझी शर्यत. पांगले, तर पुन्हा मैदान, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. बाकीचे सभासद हसले, कारण पहिला आला की लोक घरची वाट धरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी कबूल होऊन बसलो.

घरी कल्याणी तांदूळ निवडत होती. बेरजेचा नियम तिला बटाटे मांडून समजावला. हरिभाऊंची अटही सांगितली. तिने विचारले, शेवटचा कोण येणार? ते आत्ताच कसे कळेल, म्हटले. त्याला काय मिळणार? काही नाही. मग त्याच्यासाठी लोक कशाला थांबतील? मी म्हटले, बेरजेच्या उत्सुकतेने. तिने बटाटे उचलून टोपलीत टाकले. बायकांना गणिताची गोडी लावणे कठीण, पण मी चिकाटी सोडणार नाही.

शुक्रवार, ३ डिसेंबर

नऊ नावे आली. त्यांतली तीन लक्षात ठेवण्याजोगी.

हिंडलग्याचा भावकू रोज पहाटे दुधाचे दोन कॅन सायकलला अडकवून कॅम्पातल्या बंगल्यांवर येतो. भरल्या कॅनांसकट तो चढ असा काढतो की मोकळ्या सायकलीवरचे मागे पडतात. फार बोलत नाही. दुसरा आनंद, कॉलेजात आहे, विलायती नवी सायकल, भांग नीट पाडलेला, पण गर्विष्ठ नाही. तिसरा निपाणीचा मष्णू. तंबाखूच्या वखारीत काट्यावर माल तोलतो. देह तालमीतला, सायकल मालकाची, तिला पुढे टोपली. मी त्याला हळूच सुचवले की वाट शंभरावर मैलांची आहे. तो म्हणाला की सायकल चालती, तर मी बी चालतो. यावर गणितात उत्तर नाही.

नियम लिहून काढले. सातवा माझा लाडका आहे. पंक्चर होवो, साखळी तुटो, कुणी पडो, घड्याळ कशासाठीही थांबणार नाही. परीक्षेत थांबते का?

कल्याणीने आज आपण होऊन विचारले की दुसऱ्या दिवशी मुले कणगल्यावरून किती वाजता जातील. तवंदी घाटाच्या अलीकडचे कणगले हे तिच्या थोरल्या बहिणीचे, अक्काताईंचे गाव. मी हिशेब करून दिला. पहिला साधारण सातचाळीसला, शेवटचा सव्वाआठला. तिने तो लगेच अक्काताईंना कार्डावर लिहिला आणि पुढे कार्ड कडेपर्यंत भरून काढले. माझे वेळापत्रक सासुरवाडीच्या माणसांपर्यंत पोचले याचा आनंद झाला.

गुरुवार, २३ डिसेंबर

उद्या. जेवण गेले नाही. घड्याळाला तीनदा किल्ली दिली. कल्याणी म्हणाली, त्याला तरी झोपू द्या.

शुक्रवार, २४ डिसेंबर. संकेश्वर

शर्यत आज सुरू झाली आणि आजच संपली असे वाटते.

सकाळी सातला किल्ल्याच्या तलावापाशी बॅण्ड वाजला, हरिभाऊंनी रुमाल खाली केला आणि नऊ जण निघाले. आम्ही हरिभाऊंच्या मोटारीतून मागे. काकतीच्या आत भावकू एकटा पुढे गेला आणि मग दिसलाच नाही. वंटमुरीचा उतार उतरून आम्ही त्याला गाठले तेव्हा तो दूध घालायला निघाल्यासारखा शांतपणे पायडल मारीत होता. संकेश्वरला तो पहिला. त्याच्यामागून सहा मिनिटे वीस सेकंदांनी आनंद. बाकीचे पेपर देऊन वर्गाबाहेर पडणाऱ्या मुलांसारखे एकेक करून आले. मष्णू भावकूनंतर तासाभराने आला. तेव्हा रेषेपाशी मी होतो, हरिभाऊंचा ड्रायव्हर होता आणि एक कुत्रे होते.

हरिभाऊ काही वाईट बोलले नाहीत. "म्हणजे झालंच की," एवढेच म्हणाले. ते खरे आहे. आज सहा मिनिटे, उद्या आणखी सहा. सोमवारी बेळगावात भावकूची बेरीज पंचवीस मिनिटांनी कमी भरणार हे संकेश्वरच्या म्हशींनाही कळून चुकले आहे. मी मैदानावरच्या वीस फेऱ्यांना हसत होतो. माझीही पाचव्या फेरीलाच मेली, फरक इतकाच की मी तिला शंभर मैल लांब केली. वाईट म्हणजे यात भावकूचा काही दोष नाही. त्याने जोरात जाऊ नये असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

मुक्कामी जेवणात संकेश्वरी मिरची होती. डोळ्यांत पाणी आले ते नेमके कशाने, हे आता सांगता येणार नाही.

शनिवार, २५ डिसेंबर. निपाणी

आज काय झाले ते क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सातला संकेश्वराहून मुलांना सोडले आणि आम्ही वेळ घ्यायला पुढे निपाणीला निघालो. कणगल्यात रस्त्याकडेच्या चिंचेखाली अक्काताई दिसल्या. चुलाणावर दोन मोठी तपेली, शेजारी बायका, सतरंज्या अंथरणे चालले होते. काहीतरी कार्य असावे म्हणून मी मोटारीतून हात केला. त्यांनीही केला.

निपाणीत वखारींसमोर रेषा आखली. माझ्या हिशेबाने पहिला सव्वाआठ ते साडेआठला यायला हवा. वखारीतल्या बायामाणसांना शेटजींनी थोडी मोकळीक दिली होती, त्यामुळे गर्दी बरी होती. साडेआठ झाले. नऊ झाले. हरिभाऊंनी पानाचा डबा उघडला, म्हणजे आता त्यांना काही बोलायचे नव्हते. लोक मला विचारू लागले की सायकली कुठून येणार, विलायतेहून का? सव्वानऊला संकेश्वरकडची प्रवासी मोटार आली. तिचा ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, "मास्तर, तुमची पोरं जेवाय बसल्यात." मला वाटले, हाही थट्टा करतो.

नऊ चाळीसला घाटाच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. मी टाचा उंचावून पाहिले. एक नव्हे, दोन नव्हे, सात सायकली एका झुंडीने येत होत्या. आनंद पुढे, त्याच्या चाकाला चाक लावून दुसरा, तिसरा. कोण कुणाला मागे टाकतो ते कळेना. लोक ओरडत रेषेवर आले, हरिभाऊ पानाचा डबा हातात घेऊन मोटारीच्या पायरीवर चढले. आनंद अर्ध्या चाकाने पहिला. मग भावकूची वाट. तो आला पाच मिनिटे दहा सेकंदांनी, एक हात हँडलवर, एक पोटावर. आणि त्याच्यामागून चारच मिनिटांत मष्णू. आपला माणूस एवढ्या लवकर येईल असे निपाणीला वाटले नव्हते. त्याला सायकलीसकट उचलले. हलगी कुठून आली कुणास ठाऊक.

मग आनंदने सगळे सांगितले. भावकू कणगल्याला चार मिनिटे आधी पोचला. आनंद पोचला तेव्हा तो चिंचेखाली हात धुऊन पानावर बसलेला. अक्काताईंनी आनंदलाही शेजारी बसवले आणि गव्हाची खीर वाढली. त्याला खाऊन पळायचे होते. अक्काताई म्हणाल्या, "पंगत हाय बाळा. शेवटच्याचं जेवण झाल्याबिगर पानावरनं उठायचं न्हाई." शेजारी भावकूच मुकाट बसलेला, मग हा कसा उठणार? एकेक जण येत गेला आणि बसत गेला. अर्ध्या तासाने मष्णू आला. तो सावकाश आणि पोटभर जेवला. भावकू सगळ्यांत आधी बसलेला, म्हणून त्याला आग्रहही सगळ्यांत जास्त, तीन वाट्या खीर. नवव्याने हात धुतले तेव्हा नऊही जण एकदम उठले, सायकलींवर बसले आणि तवंदीच्या घाटाला एकदमच भिडले. घाटात भावकूच्या पोटात कळ आली आणि तो थोडा चालत आला.

हरिभाऊंनी विचारले, सगळ्या जातींचे नऊही जण एकाच ओळीत? आनंद म्हणाला, एकाच ओळीत. हरिभाऊंनी पान लावायला घेतले.

आता बेरीज. भावकू अजून पुढे आहे, पण एक मिनिट दहा सेकंदांनीच. शर्यत जिवंत झाली. आणि माझी झोप उडाली, कारण भावकूची चार मिनिटे पंगतीने खाल्ली. ती त्याला परत द्यायला हवीत का? सातवा नियम म्हणतो, नाही. मन म्हणते, हो. शिवाय तिसरे एक मन आहे, ते म्हणते की परत देऊ नकोस, नाहीतर उद्या पुन्हा म्हशींनाही कळेल. हे तिसरे मन सातव्या नियमामागे लपते आहे, हे मला दिसते.

शेवटी भावकूलाच गाठले. तो वखारीच्या पायरीवर ओवा चघळत बसला होता. म्हटले, चार मिनिटे तुझी आहेत, माग, मी बैठकीत मांडतो. तो म्हणाला, "पंगतीत बसलेला वेळ मागायचा नसतोय मास्तर." आणि ओवा पुढे केला. मीही थोडा घेतला.

मी आनंदात आहे, आणि आपण आनंदात आहोत याची थोडी लाज वाटते आहे.

रविवार, २६ डिसेंबर. हुक्केरी

आज फार अपेक्षेने बसलो होतो. एका मिनिटाचा फरक, दोन बरोबरीचे गडी, सरळ रस्ता. आणि इतका कंटाळवाणा दिवस मैदानावरही गेला नव्हता.

निपाणीहून निघाल्यापासून आनंद भावकूच्या चाकाकडे बघतोय, भावकू आनंदच्या चाकाकडे, आणि बाकीचे त्या दोघांकडे. कुणी पुढे जाईना. चिकोडीत लोक रांगा करून उभे, तर आठ जण बाजाराला चालल्यासारखे गप्पा मारीत गेले. आनंद म्हणे वाटेत उसाच्या बेण्याविषयी विचारत होता. हुक्केरीला आठही एका ओळीत आले, फरक शून्य.

म्हणजे माझा कालचा सिद्धांतही पुरता नाही. फार अंतर पडले तर शर्यत मरते हे खरे, पण फार जवळ आले की जो तो दुसऱ्याच्या चुकीची वाट बघत बसतो आणि कुणीच चूक करीत नाही. मग रंग भरतो कशाने? गड्यांना जेवढे गमवायचे भय कमी, तेवढा रंग जास्त, असे काहीतरी असावे. काल घाटात नऊही जणांच्या पोटात खीर होती आणि डोक्यात हिशेब नव्हता.

मष्णूची साखळी चिकोडीत तुटली. ती दुरुस्त होईपर्यंत पाऊण तास गेला. मजेची गोष्ट अशी की हुक्केरीचे लोक त्याच्यासाठी थांबले. "पंगतीत मागनं आलेला तो कोण?" असे मला चौघांनी विचारले. मी त्यांना वेळांचा तक्ता दाखवत होतो, तिकडे कुणी बघेना. निपाणीचा हलगीवाला मोटारीने त्याच्यामागे आला आहे. शेवटच्या माणसात लोकांना काय दिसते, मला कळत नाही.

तक्ता रोज प्रवासी मोटारीबरोबर बेळगावी पाठवतो, तिथे तो बाजारात लागतो. आता भिस्त त्याच्यावर.

सोमवार, २७ डिसेंबर. बेळगाव

तलावाच्या काठी इतकी माणसे मी याआधी फक्त गणपती बोळवताना पाहिली होती. मला वाटते, माझ्या तक्त्याने काम केले. बेळगाव हे शिकलेल्या लोकांचे गाव आहे. मात्र गर्दीतून जाताना कानावर पडत होते ते वेगळेच. तीन वाट्या खीर खाल्लेला तो कुठला, आणि मष्णू म्हणजे काळा की गोरा? कणगल्याची हकिकत गावभर कशी झाली याचे नवल वाटले. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका कल्याणीबरोबर पुढेच उभ्या होत्या. कल्याणी गेले तीन दिवस रोज कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकवाला गेली होती, म्हणून तक्ता बघायला तिला वेळ झाला नाही, असे ती म्हणाली.

हुक्केरीहून सातला मुले सोडली. आज वंटमुरीचा चढ. आनंदने कालचा शहाणपणा टाकून दिला होता. चढ सुरू होताच तो उभा राहून पायडल मारू लागला आणि भावकूला सोडून पुढे गेला. आम्ही मोटार पुढे काढून तलावावर येऊन उभे राहिलो.

दहाच्या सुमाराला आनंद आला, एकटा, धुळीने पांढरा. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तो जिंकला असे समजून काही जण निघायलाही लागले. मी घड्याळ वर धरून ओरडलो की अजून कोणी जिंकलेले नाही. भावकू सत्तर सेकंदांच्या आत आला तर भावकू, नाहीतर आनंद. आणि घसा साफ करून मोजायला लागलो. दहा. वीस. तिसाला माझ्याबरोबर पुढची ओळ मोजत होती. चाळिसाला सगळा काठ. पन्नासाला वळणावर भावकू दिसला, मान खाली, दोन्ही हात हँडलवर. साठ, एकसष्ट, बासष्ट. आयुष्यभर मी वर्गात अंक मोजले, पण हजार माणसांनी माझ्यामागून ते म्हटले नव्हते. हरिभाऊही मोजत होते, मी त्यांच्या ओठांकडे पाहिले. एकोणसत्तर. सत्तर. एकाहत्तर. बहात्तर. त्र्याहत्तरला त्याचे चाक रेषेवरून गेले.

भावकू उतरला आणि त्याने मला विचारले, किती? तीन सेकंद, म्हटले. तो हसला. "तीन सेकंदात कॅनचं झाकण बी लागत न्हाय." मग आनंदला कवेत घेतले. आनंदच रडत होता.

आता लोक जाणार, हे मी ओळखून होतो. बाकीचे आले, मष्णू सोडून. हरिभाऊ माझ्या शेजारी उभे होते आणि सभ्यपणे दुसरीकडे बघत होते. तेवढ्यात भावकूने सायकल झाडाला टेकवली आणि खाली मांडी घालून बसला. कुणीतरी म्हणाले, चल, चांदीचा पेला देतायत, उभा राहा. तो म्हणाला, "मष्णू आल्याबिगर कुणी उठायचं न्हाय." आनंद त्याच्या शेजारी बसला. मग उरलेले सहाही बसले, एका ओळीत. बायका बसल्या. नंतर सगळा काठच बसला.

पंचावन्न मिनिटे. कुणी उठले नाही. शेंगा खाल्ल्या, पण बसून.

मष्णू हलगी पुढे घालून आला. टोपलीत त्याने वाटेत कुणी दिलेले पेरू आणले होते. कल्याणी ताट घेऊन पुढे झाली आणि तिने त्याला ओवाळले. आठही जण उठून त्याच्याकडे धावले, आणि त्यांच्यामागून लोक. पेला देताना आनंदचे नाव कुणाला धड ऐकूही आले नाही. तो मात्र खुशीत होता.

हरिभाऊ म्हणाले, "मास्तर, पुढच्या वर्षी तक्ता जरा मोठा करा." मी घरी चालत आलो, पण चालल्याचे आठवत नाही.

बुधवार, २९ डिसेंबर

आज सकाळी पोस्टमनने कार्ड दिले. कल्याणी देवळात गेली होती. उघडे कार्ड, नजर गेलीच. अक्काताईंचे. "तू लिहिल्याप्रमाणे शेवटचा येईपर्यंत पहिल्याला बसवून ठेवले. शेवटचा फार भुकेला होता गं. पुढल्या वर्षी खीर दुप्पट करावी लागेल."

मी खुर्चीवर बसलो. मग बटाटे आठवले, आणि कडेपर्यंत भरलेले ते कार्ड.

ती आल्यावर विचारले. तिने लपवले नाही. "तुम्हीच म्हणालात ना, शेवटचा येईपर्यंत लोक थांबले पाहिजेत. लोक थांबायचे तर आधी पहिल्याने थांबायला हवं." मी म्हटले, अगं, वेळ टिपणाऱ्याच्या बायकोने पहिल्या गड्याला अडवले, आणि तो गडी तीन सेकंदांनी हरला. हे मात्र तिच्या डोक्यात आले नव्हते. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, त्याला जाऊन सांगा, आणि माझे नाव घेऊन सांगा.

जेवून हिंडलग्याला चालत निघालो. खिशात दोन बेरजा. एक खरी, दुसरी भावकूची चार मिनिटे धरून. तिच्यात तो जवळजवळ चार मिनिटांनी जिंकतो. वाटभर मनात वाक्ये जुळवत होतो. हरिभाऊंना सांगावे लागणार, आनंदचा पेला परत मागावा लागणार, आणि शर्यत कायमची गेली हे धरून चाललो होतो.

भावकू परड्यात म्हैस धूत होता. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले, कल्याणीचे नाव घेऊन. त्याने म्हशीच्या पाठीवर पाणी ओतले.

"ठाव हाय मास्तर," तो म्हणाला. "आक्कांनी बसवायच्या आधीच सांगितलंतं. बाईंचं कार्ड आलंय, शेवटचा येईस्तवर थांबतोस का बघ, न्हाय तर जा, जबरदस्ती न्हाय म्हणल्या. मीच बसलो."

मी विचारले, का?

"पहाटं दूध घेऊन निघतोय, एकटाच. शर्यतीत गेलो, तितंबी पुढं एकटाच. मागं वळून बघावं तर रस्ता मोकळा. एक डाव कुणाची तरी वाट बघावी वाटलं. मष्णूच्या पानावर खीर मीच वाढली."

मी दुसरी बेरीज खिशातून काढून त्याला दिली. त्याने ती न वाचता घडी करून गोठ्याच्या वळचणीला खोचली आणि आनंदला काही सांगू नका म्हणाला. पुढल्या वर्षी पंगत घाटाच्या पलीकडे ठेवा, तेवढे बाईंना सांगा, असेही म्हणाला.

मी निघालो तसे त्याने सायकल काढली. "बसा मागं. सोडतो."

मी म्हटले, मला सायकल येत नाही. तो म्हणाला की बसायला काय यायला लागते? कॅन काढून ठेवले होते. मी धोतर सावरून कॅरिअरवर बसलो, दोन्ही हातांनी त्याच्या सदऱ्याला घट्ट धरले आणि डोळे मिटले. पहिल्या उतारावर वारा कानात शिरला, तेव्हा उघडले. दोन्ही बाजूंची शेते मागे पळत होती, माझी टोपी एका हातात होती, आणि मी मोठ्याने हसत होतो. भावकूने विचारले, हळू घेऊ का? मी म्हटले, मुळीच नको.

कल्याणी दारातच उभी होती. माझ्याकडे बघून तिने माझ्या हातातली टोपी घेतली.

घड्याळ खिशातच होते. हिंडलग्याहून घरी यायला किती वेळ लागला, ते बघायचे राहून गेले.